पायांवर टेकलेले मस्तक : शीख परंपरेतील ‘पैरीं पौणा’

१/
पंजाबातील एखादे घर. दूर शहरातून आलेला नातू उंबरठा ओलांडतो आणि आजीपुढे वाकून म्हणतो, ‘पैरीं पैना, बीजी.’ आजी त्याच्या डोक्यावरून हात फिरवते : ‘जिऊंदा रह, पुत्त.’ त्याच घरातील अमृतधारी काका मात्र हात जोडून ‘वाहेगुरुजी का खालसा, वाहेगुरुजी की फतेह’ म्हणतात आणि पुतण्याला समजावतात की शिखाने माणसाच्या पायांवर नव्हे, गुरु ग्रंथसाहिबापुढे मस्तक टेकवावे. या दोघांपैकी शीख परंपरेला धरून कोण वागले? (थ्रेड)

२/
आश्चर्य असे की इतिहासाचा आधार दोघांनाही आहे. पायांना स्पर्श करणे ही एके काळी शिखांची ओळखच होती. पुढे त्याच पंथाने ती प्रथा विचारपूर्वक मागे ठेवली. एकच कृती एका शतकात समतेचे साधन ठरते आणि पुढच्या शतकात तिच्याकडे संशयाने पाहावे लागते, हे कसे घडले, याची ही कथा आहे.

३/
प्रारंभ भाई गुरदासांपासून करावा लागतो. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथाचे लेखनिक ते हेच. गुरु अर्जनदेव सांगत गेले आणि गुरदास लिहीत गेले, अशी परंपरा आहे. त्यांची स्वतःची ४० पंजाबी ‘वारां’ शीख विचार समजून घेण्याची किल्ली मानली जातात. पहिल्याच वारेत ते गुरु नानकांच्या कार्याचे वर्णन करतात. नानकांनी चरण धुऊन ते तीर्थ शिष्यांना दिले, चार वर्णांचा एक वर्ण केला, राजा आणि रंक यांना एका पातळीवर आणले आणि परस्परांच्या पाया पडण्याची रीत जगात रूढ केली, असा त्या वर्णनाचा आशय आहे.

४/
यातील ‘परस्परांच्या’ हा शब्द महत्त्वाचा. पाया पडणे ही भारतात नवी गोष्ट नव्हती. धाकट्याने थोरल्याच्या, सुनेने सासूच्या, शिष्याने गुरूच्या आणि ‘खालच्या’ मानलेल्याने ‘वरच्या’ मानलेल्याच्या पाया पडावे, हे सर्वांना ठाऊक होते. नमस्काराची दिशा जन्मानेच ठरलेली होती. पाणी जसे उतारानेच वाहते, तसे मस्तकही ठरलेल्या बाजूनेच खाली जात होते. नानकांच्या धर्मशाळेत बदलली ती नमस्काराची दिशा. कृती जुनीच राहिली. सरदार श्रमिकाच्या पायांवर मस्तक ठेवू लागला आणि श्रमिक सरदाराच्या. गुरदास याला प्रेमाचा उलटा खेळ म्हणतात.

५/
पंथात प्रवेश देण्याचा विधीही पायांशीच जोडलेला होता. त्याचे नाव ‘चरण पाहुल’. गुरूच्या पायाचा अंगठा ज्या पाण्याने धुतला, ते पाणी नवागत प्राशन करीत असे. कोणाचे पाणी कोणाला चालते, यावर जेथे संपूर्ण समाजाची उतरंड उभी होती, तेथे पायांचे पाणी सर्वांनी एकाच भावाने पिणे म्हणजे जातीचा अभिमान ओठांपाशीच सोडून देणे होय. आज हा विधी विचित्र वाटू शकतो. त्या काळात तो धाडसी होता.

६/
परंतु गुरूच जर सर्वांच्या वर राहिला, तर ही समता अर्धवटच ठरली असती. म्हणून १५३९ मध्ये करतारपूर येथे जे घडले, ते निर्णायक आहे. नानकांनी आपल्या दोन पुत्रांना बाजूला ठेवून लहणा या शिष्याला उत्तराधिकारी नेमले, त्याला ‘अंगद’ हे नाव दिले, त्याच्यापुढे पाच पैसे आणि नारळ ठेवला आणि स्वतः त्याच्यापुढे वाकले. गुरूने हयातीतच शिष्याला प्रणाम केला, याचा उल्लेख सत्ता आणि बलवंड या दरबारी गायकांच्या रचनेत आहे आणि ती रचना थेट गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट आहे. म्हणजे ही केवळ मागाहून जोडलेली आख्यायिका नाही. पंथाने तिला ग्रंथातच स्थान दिले.

७/
पुढची पिढी. अमरदास यांचा जन्म १४७९ चा, गुरु अंगदांचा १५०४ चा. म्हणजे शिष्य गुरूपेक्षा २५ वर्षांनी मोठा. त्यात नात्याची गुंतागुंत अशी की अंगदांची कन्या बीबी अमरो ही अमरदासांच्या पुतण्याला दिलेली होती. अमरदास वरपक्षाचे, अंगद मुलीचे वडील. वरपक्षाचा मान काय असतो, हे महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको. पंजाबातही मुलीच्या बापाने व्याह्यांपुढे नमते घ्यावे, हीच रीत होती. येथे साठी उलटलेला वरपक्षाचा वडीलधारा माणूस मुलीच्या बापाचे पाय धरतो. वय आणि नाते, दोन्ही उतरंडी एकाच नमस्कारात उलटल्या.

८/
परंपरा सांगते की अमरदास वर्षानुवर्षे पहाटे बियास नदीचे पाणी घागरीने खडूरला आणत आणि गुरूंना स्नान घालत. १५५२ मध्ये त्यांच्याकडे गुरुपद आले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. अंगदांचे पुत्र दातू यांना हे सहन झाले नाही. ते गोइंदवालला आले आणि भर संगतीत त्यांनी वृद्ध गुरूला लाथ मारली. त्यावर अमरदासांनी दातूंचा पाय हातांत घेतला आणि म्हातारपणामुळे आपली हाडे कठीण झाली आहेत, या कोमल पायाला इजा तर झाली नाही ना, अशी विचारणा केली, अशी साखी आहे.

९/
या साखीचा अर्थ दुबळेपणा असा लावणे चुकीचे ठरेल. अमरदास तेथून निघाले आणि आपल्या जन्मगावी, बासरके येथे, एका खोलीत स्वतःला बंद करून राहिले. दार उघडणाऱ्यास मनाई होती. तेव्हा बाबा बुड्ढा यांनी दाराला हात न लावता भिंतीला भगदाड पाडले आणि संगत आत शिरली. त्या जागी आज ‘सन्ह साहिब’ हा गुरुद्वारा आहे. सन्ह म्हणजे भिंतीला पाडलेले भगदाड. लोकांनी गुरु निवडला तो गादीवर बसलेला नव्हे, तर लाथ मारणाऱ्याचा पाय चेपणारा.

१०/
या वर्तनामागे एक जुना संस्कार दिसतो. सुफी संत शेख फरीद यांचे सलोक गुरु ग्रंथसाहिबात आहेत. त्यातील एका सलोकाचा आशय असा आहे की जो बुक्के मारतो त्याला उलट मारू नये, त्याच्या पायांचे चुंबन घेऊन आपल्या घरी जावे. मुसलमान फकिराची ही शिकवण गोइंदवालच्या अंगणात एका शीख गुरूने प्रत्यक्ष आचरून दाखवली.

११/
चौथे गुरु रामदास यांची साखीही याच धाग्यातील आहे. नानकांचे ज्येष्ठ पुत्र श्रीचंद हे विरक्त उदासी पंथाचे प्रवर्तक. गादी त्यांना मिळाली नव्हती आणि दोन्ही पंथांत अंतर पडले होते. भेटीत वयोवृद्ध श्रीचंदांनी थट्टेने विचारले, एवढी लांब दाढी कशासाठी वाढवली? आपल्यासारख्या संतांचे पाय पुसण्यासाठी, असे म्हणत रामदासांनी दाढीने त्यांचे पाय पुसले. श्रीचंद अंतर्मुख झाले. ज्या गुणामुळे गुरुपद आपल्याकडे न येता या घराकडे गेले, तो गुण त्यांना समोर दिसला, असे परंपरा सांगते.

१२/
येथे मराठी वाचकाला पंढरपूर आठवल्यावाचून राहणार नाही आणि ही आठवण निराधार नाही. गुरु ग्रंथसाहिबात संत नामदेवांची ६१ पदे आहेत. पंजाबातील घुमान येथे त्यांचे स्मारक आहे. २०१५ चे ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले होते. नामदेव शिंपी. पंजाबातील कापड शिवणारा आणि छापणारा छिंबा समाज आजही त्यांना आपले दैवत मानतो.

१३/
वारकऱ्यांची रीतही गुरदासांच्या वर्णनाशी तंतोतंत जुळते. दोन वारकरी भेटले की दोघेही एकाच वेळी एकमेकांच्या पायांकडे वाकतात. वय, जात, हुद्दा यांचा विचार न करता ‘माउली’ म्हणतात. आणि नामदेवांनी समाधीसाठी जागा निवडली ती विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराची पायरी. दर्शनाला जाणाऱ्या संतांच्या पायांची धूळ लागावी, ही त्यामागची इच्छा. इ. स. १३५० मधील ही समाधी ‘नामदेव पायरी’ म्हणून ओळखली जाते. समोरच चोखोबांची समाधी आहे.

१४/
तरीही नमस्कार म्हटला की ढोंगाची शक्यता आलीच. ती पहिल्यांदा दाखवून दिली खुद्द नानकांनी. गुरुद्वारांत रोज पहाटे गायिल्या जाणाऱ्या ‘आसा दी वार’ या रचनेत त्यांनी बजावले आहे की हरणावर नेम धरणारा शिकारीही वाकतोच, किंबहुना तो अधिक वाकतो. मन अशुद्ध असेल तर शीर झुकवून काय साधणार? तराजूत जे पारडे खाली जाते तेच जड असते, असा दृष्टान्तही तेथे आहे. वाकणे हे वजनदार माणसाचे लक्षण आहे. पण प्रत्येक वाकणारा वजनदार नसतो.

१५/
पंथ विस्तारला तसा हा धोका प्रत्यक्षात उतरला. गुरूंनी दूरदूरच्या संगतींसाठी ‘मसंद’ नावाचे प्रतिनिधी नेमले होते. दसवंध, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, गोळा करणे आणि नव्या लोकांना पंथात घेणे ही त्यांची कामे. आरंभी या व्यवस्थेने चमत्कार वाटावा असे परिवर्तन घडवले. सतराव्या शतकातील ‘दबिस्तान-ए-मजाहिब’ या फारसी ग्रंथाच्या लेखकाने नोंदवले आहे की मोठमोठे मसंद जाट आहेत आणि ब्राह्मण व खत्री त्यांचे अनुयायी आहेत. उतरंड उलटी झाल्याची ही बाहेरच्या माणसाची साक्ष.

१६/
परंतु गुरूच्या गैरहजेरीत चरण पाहुल देताना पाय कोणाचे धुतले जात? मसंदाचे. ज्या पायांचे पाणी लोक पितात, त्या पायांना आपण कोणी विशेष आहोत असे वाटू लागणे किती सोपे! मसंदपद वंशपरंपरेने चालू लागले. दसवंध गुरूपर्यंत पोहोचेना. काही मसंद स्वतःच गुरु म्हणून मिरवू लागले. उतरंड मोडण्यासाठी आणलेल्या विधीतून नवी उतरंड उगवली.

१७/
याचे उत्तर १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर येथे मिळाले. गुरु गोविंदसिंगांनी भर सभेत मस्तक मागितले. पाच जण उठले. लाहोरचे दयाराम खत्री, हस्तिनापूरचे धरमदास जाट, जगन्नाथपुरीचे हिंमतराय पाणी भरणाऱ्या झीवर समाजातले, द्वारकेचे मोहकमचंद नामदेवांशी नाते सांगणारे छिंबा आणि दख्खनेतील बिदरचे साहिबचंद न्हावी. पहिल्या दोघांना सोडले तर बाकीचे तिघे त्या काळच्या समाजाने ‘इतरांची सेवा करणारे’ म्हणून ठरवलेल्या जातींतले होते.

१८/
गुरूंनी लोखंडी कढईत पाणी घेतले, त्यात बत्तासे घातले गेले, बाणींचे पठण करीत दुधारी खंड्याने ते ढवळले आणि पाचांना दिले. विधीचे नाव झाले ‘खंडे दी पाहुल’. पायांच्या जागी पोलाद आले. पोलादाला जात नसते, वंश नसतो आणि पोलादाला अहंकारही होत नाही. सर्वांनी एकाच पात्रातून प्यावे, ही जुनी अट मात्र कायम राहिली.

१९/
त्यानंतरची घटना शीख स्मृतीत सर्वांत तेजस्वी आहे. गुरु स्वतः त्या पाचांपुढे हात जोडून उभे राहिले आणि त्यांनी आपल्यालाही तीच पाहुल द्यावी, अशी विनंती केली. न्हावी, पाणक्या, छिंबा, जाट आणि खत्री यांनी गुरूला दीक्षा दिली. १५३९ मध्ये गुरु एका शिष्यापुढे वाकला होता. १६९९ मध्ये गुरु शिष्यांच्या पंचायतीपुढे वाकला. विधी बदलला, परंतु नानकांनी बदललेली नमस्काराची दिशा तशीच राहिली.

२०/
मसंद व्यवस्था बरखास्त झाली. अभिवादनही बदलले. ‘पैरीं पौणा’च्या जागी ‘वाहेगुरुजी का खालसा, वाहेगुरुजी की फतेह’ आले. खालसा ईश्वराचा आणि विजयही ईश्वराचा, असा त्याचा भाव. हे म्हणताना दोघेही ताठ उभे असतात आणि एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात. पूर्वी दोघे मिळून खाली वाकत होते, आता दोघे मिळून उभे राहू लागले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना मान वर करू दिली नव्हती, त्यांच्यासाठी या बदलाचे मोल काय असेल, याची कल्पना करता येते.

२१/
या मालिकेतील शेवटचा नमस्कार महाराष्ट्राच्या भूमीवर घडला. ऑक्टोबर १७०८. गोदावरीकाठी नांदेड. अखेरच्या दिवसांत गुरु गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवली. परंपरेनुसार त्यांनी ग्रंथापुढे पाच पैसे आणि नारळ ठेवून मस्तक टेकवले. करतारपूरला नानकांनी अंगदांपुढे केले होते तेच. आता गुरूला पायच उरले नाहीत, उरला तो शब्द. म्हणून गुरुद्वारात शीख जमिनीला कपाळ लावतो ते ग्रंथापुढे. काकांच्या म्हणण्यामागे हा इतिहास उभा आहे.

२२/
येथे कथा सुखान्त संपली असती तर बरे झाले असते. १२ ऑक्टोबर १९२० रोजी तथाकथित अस्पृश्य समाजातील काही जणांनी अमृतसरात अमृत घेतले आणि ते कडाह प्रसाद घेऊन दरबार साहिबात आले. पुजाऱ्यांनी तो स्वीकारण्यास नकार दिला. ज्या पंथाचा पहिला विधी जात धुऊन टाकणारा होता, त्याच पंथाच्या सर्वोच्च मंदिरात हे घडले. अखेर ग्रंथ उघडून कौल घ्यावा असे ठरले. जे पद समोर आले, ते गुणहीनांनाही क्षमा करून सेवेत घेणाऱ्या ईश्वराचे होते. प्रसाद स्वीकारला गेला. अकाल तख्ताचे पुजारी जागा सोडून निघून गेले. त्या घडामोडींतून नोव्हेंबर १९२० मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी उभी राहिली.

२३/
पंढरपूरलाही याहून वेगळे घडले नाही. वाळवंटात सर्वांनी एकमेकांच्या पाया पडायचे, पण मंदिराचे दार अस्पृश्यांना बंद. ते उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. नमस्कार कितीही सुंदर असला तरी तो दाराबाहेरच संपत असेल, तर त्याची जबाबदारी नमस्कार करणाऱ्यांवर उरते. पंजाबातील कित्येक गावांत आजही जातीनिहाय वेगवेगळे गुरुद्वारे आहेत, हे वास्तव शीख विचारवंत स्वतःच खेदाने मांडतात.

२४/
१९४५ मध्ये शिरोमणी कमिटीने मान्य केलेल्या ‘सिख रहित मर्यादे’त या सर्व अनुभवाचे सार उतरले आहे. दोन शिखांनी भेटताना फतेह म्हणावे. गुरूंच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या चित्रांपुढे मस्तक टेकवू नये. ग्रंथ ज्या मंजीवर विराजमान असतो तिचे पाय भक्तिभावाने चेपत बसू नये. अमृत देणाऱ्या पाचांमध्ये स्त्रियाही असू शकतात. देहधारी गुरूपुढे लोटांगण घालणाऱ्या डेऱ्यांविषयी पंथात जी तीव्र अस्वस्थता दिसते, तिचे मूळही मसंदांच्या त्या जुन्या अनुभवात आहे.

२५/
मग नम्रता गेली कोठे? ती हातांत उतरली. हरिमंदिर साहिबात जाताना पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, उतराव्या लागतात. प्रवेशापाशी उथळ पाण्यातून पाय धुतले जातात. त्याआधी ‘जोडा घर’ लागते. तेथे सेवेकरी यात्रेकरूंची पादत्राणे दोन्ही हातांनी स्वीकारतात, पुसतात आणि बिल्ला देतात. समोरचा कोण, कोणत्या जातीचा, हे कोणी विचारत नाही. अकाल तख्ताकडून दोषी ठरलेल्या बड्या नेत्यांनाही अनेकदा हीच ‘तनखाह’ मिळते : संगतीचे जोडे पुसा, लंगरची भांडी घासा. पायांना प्रत्यक्ष स्पर्श नाही, पण पायांची धूळ मात्र हातांना लागतेच.

२६/
आता पुन्हा त्या घरात. नातू आजीपुढे वाकला, त्यात भाई गुरदासांच्या काळाचा अवशेष आहे. काकांनी फतेह म्हटले, त्यात आनंदपूरची शपथ आहे. दोघांनाही तपासणारा प्रश्न एकच आहे. त्याच अंगणात झाडू मारायला येणारी वृद्ध स्त्री दारात उभी राहते. नातवाची पाठ तिच्यापुढेही वाकते का आणि काकांची फतेह तिलाही तितक्याच मोकळेपणाने मिळते का? नानकांनी नमस्काराची दिशा बदलली ती तिच्यासाठी.

(समाप्त)